धूर, ओक आणि काळा माल्ट: बॅरलमध्ये मुरवलेली धुरी बिअर चाखावी कशी

या बिअरमधला धुरासारखा वास तीन ठिकाणांहून येऊ शकतो. पहिले ठिकाण म्हणजे लाकडाच्या धुरावर वाळवलेला माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली. दुसरे म्हणजे आतून जाळून काळा केलेला ओकचा बॅरल. तिसरे म्हणजे कॉफीच्या बियांइतका गडद भाजलेला माल्ट. ग्वायकॉल हे धुरकट वासाचे संयुग धुरात असते आणि जाळलेल्या ओकमध्येही असते. काळ्या माल्टला जळकट बाजू असते ती वेगळीच. त्यामुळे पहिल्या घोटानंतर बहुतेक जण ‘धुरकट आहे’ एवढेच म्हणून थांबतात. खरी चाखणी तिथून पुढे सुरू होते: कुठला वास कुठून आला, किती आला आणि त्याने दुसऱ्याला झाकले का, हे शोधायचे.

थोडी पार्श्वभूमी. पूर्वी माल्ट बहुधा लाकडाच्या जाळावर वाळवत, त्यामुळे बहुतेक बिअरना थोडीफार धुरी असायचीच. पुढे कोक, म्हणजे दगडी कोळशापासून केलेले बिनधुराचे जळण, आला, अप्रत्यक्ष उष्णतेच्या भट्ट्या आल्या आणि धूर गेला. १८१७ साली इंग्लंडमध्ये डॅनियल व्हीलरने माल्ट भाजण्याच्या फिरत्या ड्रमचे पेटंट घेतले. त्यानंतर थोड्याशा काळ्या माल्टवर बिअरला गडद रंग देता येऊ लागला. जर्मनीतल्या बामबर्ग शहरात श्लेंकर्ला आणि स्पेट्सियाल या दारूभट्ट्यांनी मात्र बीच लाकडाच्या धुराची पद्धत सोडली नाही. अमेरिकेत अलास्कन कंपनीने १९८८ साली आल्डर लाकडाच्या धुरावरच्या माल्टची पोर्टर ही काळी बिअर काढली. धुरी दिलेल्या काळ्या बिअरसाठी तिचेच उदाहरण आजही दिले जाते. बॅरलचा भाग व्हिस्कीच्या धंद्यातून आला. अमेरिकी कायद्यानुसार बर्बन नव्या जाळलेल्या ओकच्या भांड्यातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेले, साधारण २०० लिटरचे बॅरल दुसऱ्यांना विकले जातात आणि बिअरवाले ते घेतात.

लेबल वाचताना

‘ओक स्मोक्ड’ आणि ‘ओक एज्ड’ यांत गल्लत होते. पहिल्यात ओक जाळून माल्टला धूर दिलेला असतो, दुसऱ्यात तयार बिअर ओकमध्ये मुरवलेली असते. श्लेंकर्लाची ‘आइखे’ ही ८ टक्के अल्कोहोलची डॉपेलबॉक (जर्मनीतली कडक बिअर) पहिल्या प्रकारची. तिच्यात ओकचा धूर आहे, पण व्हॅनिला किंवा खोबऱ्याचा वास शोधून उपयोग नाही, कारण बॅरलचा संबंधच आलेला नाही.

‘वुड एज्ड’ लिहिले म्हणजे बॅरल वापरलाच असे नाही. स्टीलच्या टाकीत ओकच्या चिप्स किंवा कांड्या टाकूनही तसे लिहिता येते. त्यात फसवणूक नाही, पण चव वेगळी लागते. चिप्समधून लाकूड लवकर उतरते. बॅरलच्या फळ्यांमधून महिनोन्महिने थोडा थोडा प्राणवायू आत जातो, आणि त्यातून येणारा मनुका-शेरीसारखा मऊपणा चिप्समधून मिळत नाही.

बॅरलमध्ये आधी काय होते, अल्कोहोल किती टक्के आणि बाटली कधी भरली, या तीन गोष्टी नक्की बघाव्यात. बॅरलचा आकार दिला असेल तर उत्तम. २० लिटरच्या लहान बॅरलमध्ये प्रत्येक लिटर बिअरला २०० लिटरच्या बॅरलच्या दुपटीहून थोडा अधिक लाकडाचा स्पर्श होतो. म्हणून लहान बॅरलमधल्या बिअरला कच्च्या फळीचा वास येण्याची शक्यता जास्त.

गोव्याच्या हवेत साठवण

८ ते १२ टक्क्यांची ही बिअर टिकाऊ असली तरी एप्रिल-मेच्या खोलीत ठेवण्याइतकी नाही. तापमान १० अंशांनी वाढले की बिघडण्याच्या रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होतात, असा ढोबळ नियम आहे. १२ अंशांवर वर्षभर बरी राहणारी बाटली ३२ अंशांच्या कपाटात त्या हिशेबाने तीन महिन्यांत तेवढीच म्हातारी होते. आधी धुराची धार जाते, मग ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि शेवटी सोया सॉस.

वाइनचा छोटा फ्रिज १२ अंशांवर लावता आला तर सर्वांत बरे. नसेल तर घरच्या फ्रिजचा खालचा कप्पा चालतो. दरवाज्यात ठेवू नका, तिथे तापमान सतत वरखाली होते. बाटली उभी ठेवा, कॉर्क असला तरी. आडव्या बाटलीत गाळ कडेला बसतो आणि ओतताना सगळा ग्लासात येतो. पावसाळ्यात वीज तासन्तास जाते तेव्हा फ्रिज उघडू नका, एवढी काळजी पुरते. दुकानातून घेताना उन्हाच्या काचेच्या कपाटातली बाटली टाळा. तपकिरी काच प्रकाश बऱ्यापैकी अडवते, उष्णता अडवत नाही.

चाखणीआधी: ओळखीचे वास तयार ठेवणे

ही पायरी सगळे गाळतात, आणि सर्वांत जास्त उपयोग हिचाच होतो. वास ओळखतो पण नाव सुचत नाही, ही अडचण नमुने शेजारी असले की निम्मी सुटते. चार छोटे ग्लास पुरतात.

भाजक्या माल्टसाठी बिनसाखरेची, बिनदुधाची काळी कॉफी घ्या, गार करून, चिकोरी नसलेली. भाजलेली बार्ली मिळाली तर २० ग्रॅम भरडून २०० मिली गरम पाण्यात १५ मिनिटे ठेवा आणि गाळून घ्या. हा नमुना कॉफीपेक्षा जवळचा.

धुरासाठी बीचच्या धुरावरचा माल्ट घरगुती बिअरचे सामान विकणाऱ्यांकडे मिळतो. त्याचाही असाच काढा करा, पाणी ६५ ते ७० अंश. नाही मिळाला तर लॅपसांग सूचाँग चहा चालतो, तो पाइनच्या धुरावर वाळवलेला असतो. तेही नसेल तर नारळाच्या करवंटीचा लहान तुकडा अंगणात पेटवा, ज्योत विझवा आणि कोरडा ग्लास पाच-सहा सेकंद धुरावर उपडा धरून बशीने झाका. मिनिटभराने वास घ्या. काजूच्या टरफलांचा धूर मात्र वापरू नका. त्यातले तेल दाहक असते, डोळे आणि नाक दोन्ही चुरचुरतात आणि पुढचे काहीच कळत नाही.

ओकसाठी मध्यम भाजलेल्या ओक चिप्स ५ ग्रॅम, १०० मिली व्होडकात तीन दिवस. गाळा आणि त्यातले ५ मिली ५० मिली साध्या लागर बिअरमध्ये मिसळा. खोबरे, व्हॅनिला, थोडी लवंग आणि हिरड्या आवळणारा तुरटपणा, सगळे त्यात सापडते. सुताराकडचे लाकडाचे तुकडे यासाठी आणू नयेत. त्यांना कीडनाशक लावलेले असू शकते.

चौथा नमुना बॅरलमधल्या आधीच्या दारूचा: बर्बन ५ मिली, पाणी ४५ मिली.

पीटच्या (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जळणाच्या) धुराची ओळख हवी असेल तर गोव्यातच सोय आहे. कुंकळ्ळीला बनणाऱ्या पॉल जॉन सिंगल माल्टचे पीट वापरलेले प्रकार मिळतात. तेही तसेच पातळ करून ठेवा. बीचच्या धुरात ग्वायकॉलसोबत सिरिंगॉल असते, त्यातून हॅम किंवा धुरावर वाळवलेल्या मांसाची आठवण होते. पीटच्या धुरात क्रेसॉल आणि फिनॉल जास्त, म्हणून आयोडीन, डांबर, दवाखाना असे वास येतात. हे दोन धूर एकदा शेजारी ठेवून हुंगले की पुन्हा गोंधळ होत नाही.

खोली, ग्लास आणि तापमान

उदबत्ती, अत्तर, मासे तळणे आणि मच्छर कॉइल यांतले काहीही आसपास नको. आदल्या तासात कॉफी, पान, सिगारेट आणि टूथपेस्ट टाळा. पंखा थेट टेबलावर येत असेल तर बंद करा, ग्लासावरचा वास तोच उडवून नेतो.

ग्लास पोटाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद हवा: ट्युलिप, नाहीतर ब्रँडीचा ग्लास. सरळ बिअर मग किंवा फ्रीझरमधला बर्फाळ ग्लास अजिबात नको. ग्लास धुतल्यावर आतून पाणी फिरवा. पाणी सलग पडद्यासारखे उतरले तर ग्लास स्वच्छ आहे, थेंब थेंब अडकले तर तेलाचा अंश राहिला आहे. अशा वेळी ओल्या ग्लासात चिमूटभर मीठ चोळा आणि भरपूर पाण्याने धुवा. कपाटातून काढलेला ग्लास आधी रिकामाच हुंगून बघा. पावसाळ्यात त्याला कपाटाचा कुबट वास लागलेला असतो, आणि मग बिअरला बुरशीचा दोष दिला जातो.

तापमानाबद्दल पुस्तकी सल्ला असा की बाटली फ्रिजबाहेर अर्धा तास ठेवावी. तो थंड देशांचा आहे. इथे ३० अंशांच्या खोलीत दीडशे ग्रॅमच्या ग्लासात ५ अंशांवरची १०० मिली बिअर ओतली की नुसत्या काचेच्या उष्णतेने ती १० अंशांच्या आसपास पोहोचते. म्हणजे बाटली घरच्या ५ अंशांच्या फ्रिजमधून काढून सरळ ओतली तरी सुरुवात नेमकी होते. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर बुडवून खात्री करा. चाखणी १० अंशांवर सुरू करून १६ पर्यंत न्यायची. १८ च्या पुढे अल्कोहोल बाकी सगळ्यावर चढते.

म्हणून एका वेळी ८० ते १०० मिलीच ओता आणि उरलेली बाटली झाकून परत फ्रिजमध्ये ठेवा. मोठा ग्लास भरून घेतला तर शेवटचा भाग कोमट होतो आणि नोंद बिअरची न होता उकाड्याची होते.

ओतणे आणि पाहणे

ग्लास ४५ अंशांत तिरपा धरून ओता, शेवटी सरळ करा म्हणजे थोडा फेस येईल. बॅरलमधल्या बिअरला वायू कमी असतो आणि जास्त अल्कोहोलमुळे फेस लवकर बसतो. पातळ तपकिरी कडा उरली तरी ठीक, हा दोष धरू नये. उलट झाकण काढताच बिअर भसाभस वर आली तर सावध व्हा. बाटलीत रानटी यीस्ट किंवा जिवाणू काम करत असण्याची शक्यता आहे. बाटलीत गाळ असेल तर शेवटचे सेंटिमीटरभर ओतू नका.

रंग बघायला मोबाइलचा टॉर्च ग्लासामागे धरा. खरे काळे फार कमी असते. कडेला लालसर किंवा पिंगट झाक दिसेल. बिअर गढूळ आहे का ते याच वेळी कळते. ग्लासाच्या कडेने ओघळणाऱ्या धारांकडे लोक कौतुकाने बघतात, पण त्यावरून अल्कोहोल बरेच आहे यापलीकडे फारसे समजत नाही. पाहण्यावर एवढाच वेळ घालवावा.

नाकाने: सगळ्यात महत्त्वाचा मिनिट

धुराच्या वासाला नाक फार लवकर सरावते. दोन-तीन मिनिटांत तोच धूर निम्मा वाटायला लागतो. तेव्हा पहिले हुंगणे वाया घालवू नका आणि कागद-पेन आधीच जवळ ठेवा.

पहिल्यांदा ग्लास नाकापासून वीतभर अंतरावरून नुसता फिरवा. लांबूनच जे पोहोचले ते लिहा. बहुधा धूर, व्हॅनिला किंवा अल्कोहोल यांपैकी एक पुढे असतो, आणि कोण पुढे आहे यावरून बिअरचा तोल समजतो.

मग ग्लास जवळ आणून दोन-तीन छोटे, तुटक श्वास. लांब श्वास घेतला तर अल्कोहोलने नाक बधिर होते. या वेळी धुराचा प्रकार ठरवा. हॅमसारखा, चुलीच्या लाकडासारखा, की दवाखान्यासारखा?

तिसऱ्यांदा ग्लासावर तळहात ठेवून पाच सेकंद हळू फिरवा, हात काढा आणि हुंगा. आता लाकूड वर येते. खोबरे म्हणजे अमेरिकन ओकमधले लॅक्टोन. व्हॅनिला म्हणजे लाकडातल्या लिग्निनपासून आलेले व्हॅनिलिन. लवंग ओकमधल्या युजेनॉलमुळे येते, पण काही यीस्टही तसाच वास देतात, तेव्हा लवंग आली म्हणून लगेच बॅरलला श्रेय देऊ नका. सोबत खोबरे किंवा व्हॅनिला असेल तर बॅरल, पिकलेले केळे असेल तर यीस्ट.

मधे कोपराच्या आतल्या बाजूला स्वतःच्या त्वचेचा वास घ्या. नाक मूळ जागी येते. कॉफीच्या बिया हुंगण्याची फॅशन इथे उपयोगाची नाही, कारण कॉफीच तर बिअरमध्ये शोधायची आहे.

गोव्यातल्या घरांत सापडणाऱ्या वासांची नावे नोंदीत निःसंकोच वापरावीत. परदेशी यादीतले ‘मोलॅसिस’ शोधत बसण्यापेक्षा पिरॅमिडच्या आकाराचा काळा माडाचा गूळ आठवला तर तो लिहावा. भाजलेले वांगे, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळांनी लटकलेले चोरिस (डुकराच्या मांसाचे गोव्याचे मसालेदार सॉसेज), करवंटीचा निखारा, जुने फेणीचे पिंप, हे सगळे नेमके शब्द आहेत. दुसऱ्या दिवशी वाचले तरी नाकाला तेच आठवते.

घोट

पहिला घोट १० ते १५ मिलीचा. तो फक्त तोंड तयार करण्यासाठी, त्यावर मत बनवू नका. थंडपणा, वायू आणि अल्कोहोल यांचा पहिला धक्का त्यातच जातो.

दुसरा घोट जिभेवर सगळीकडे फिरवा, तीन-चार सेकंद धरा, गिळा आणि तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा. घशामागून नाकात जाणारा हा वास सर्वांत खरा. समोरून हुंगताना न दिसलेला धूर इथे हमखास सापडतो. इथे चवींचा क्रमही लिहा: आधी गोड, मग भाजकट, मग लाकूड, शेवटी धूर, की वेगळाच? चांगल्या बिअरमध्ये हा क्रम हळूहळू उलगडतो. सगळे एकदम आदळत असेल तर बॅरलमधून घाईने काढली असावी किंवा धूर जास्त झाला असावा.

आता कडूपणा आणि तुरटपणा वेगळे करा. गिळल्यावर जीभ हिरड्यांवरून फिरवा. हिरड्या खरखरीत, आवळल्यासारख्या वाटल्या तर ते ओकचे टॅनिन. जिभेच्या मागच्या भागात कॉफीसारखे कडू राहिले तर काळा माल्ट. टाळूवर राखेचा पातळ थर बसल्यासारखे वाटले तर धुराची फिनॉल. या तीन खुणा पाठ केल्या की सुरुवातीचा निम्मा गोंधळ मिटतो, कारण वासात एकमेकांत मिसळणारे तिन्ही घटक तोंडात वेगवेगळ्या जागी बसतात.

आंबटपणाचेही तसेच. काळा माल्ट मुळातच थोडा आम्ल असतो, त्याची धार काळ्या कॉफीसारखी असते आणि ती चालते. दह्यासारखी मऊ आंबटाई जिभेच्या कडांना लागली तर लॅक्टिक आम्ल. नाकात आधी टोचले आणि मग घशात गेले तर अॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर. बॅरल पूर्ण भरलेला ठेवला नाही आणि वरच्या मोकळ्या जागेत हवा राहिली की अॅसिटोबॅक्टर जिवाणू हे काम करतात. गरम हवेत बॅरलमधून बाष्पीभवन जास्त होते, त्यामुळे उष्ण प्रदेशात मुरवणाऱ्याला बॅरल वेळोवेळी भरत राहावा लागतो.

अंगही बघा. बिअर तोंडात दाट वाटते की पातळ? १० टक्क्यांची बिअर पाण्यासारखी पातळ असेल तर लाकूड आणि धूर दोन्ही उघडे पडतात आणि कोरडे लागतात. थोडी उरलेली साखर त्यांना सांभाळते. छातीत उतरणारी हलकी ऊब चांगली. घसा जळणे आणि नेलपॉलिशसारखा वास हे आंबवताना तापमान चढल्याचे लक्षण.

शेवटी थांबा. गिळल्यापासून चव किती वेळ राहते ते घड्याळात बघा आणि शेवटी एकटे काय उरते ते लिहा. शेवटी नुसती राख उरत असेल तर बिअर कितीही भारी असली तरी दुसरा ग्लास मागवावासा वाटत नाही.

दुसरी फेरी, उबदार

ग्लासातले ३० मिली बाजूला ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी ते १५-१६ अंशांवर येईल. आता व्हॅनिला, बर्बन आणि सुका मेवा पुढे येतात, कडूपणा मागे जातो. नाक धुराला सरावलेले असल्याने धूर कमी झालेला वाटेल. तो बिअरमधून गेलेला नाही, हे लक्षात ठेवून नोंद करा. खात्री हवी असेल तर बाहेर पाच मिनिटे फिरून या आणि पुन्हा हुंगा.

थंड असताना लपलेले दोषही आता बोलू लागतात. लोणी किंवा बटरस्कॉचसारखा वास म्हणजे डायअॅसिटाइल. व्हॅनिलाशी त्याची गल्लत होते, पण डायअॅसिटाइल जिभेवर तेलकट, घसरडे लागते. उकडलेल्या कोबीचा वास म्हणजे डीएमएस (डायमिथाइल सल्फाइड, गंधकाचे संयुग). सोया सॉस आणि मांसाच्या रस्स्यासारखा वास म्हणजे मेलेले यीस्ट फार काळ बिअरमध्ये राहिले किंवा बाटली उष्णतेत राहिली. धुरी बिअरमध्ये मांसासारखा वास अपेक्षितच असतो, म्हणून हा दोष सर्वांत जास्त निसटतो. खारट-दाट वाटले तर संशय घ्या.

चिकटपट्टी आणि जंतुनाशकाचा वास हा नेहमीचा वादाचा मुद्दा. पीटचा माल्ट असेल तर तो थोडा येणारच. पण लेबलवर बीच किंवा आल्डर असताना प्लॅस्टिकसारखा, मागे रेंगाळणारा दवाखाना येत असेल तर क्लोरोफिनॉल, म्हणजे दारूभट्टीच्या पाण्यात किंवा धुलाईच्या द्रवात क्लोरीन राहिले आणि फिनॉलशी जुळले. फार थोड्या प्रमाणातही ते जाणवते. घोड्याच्या पागेसारखा, घामट चामड्यासारखा वास ब्रेटानोमायसिस यीस्टचा. ते एकदा लाकडात शिरले की धुऊन निघत नाही. काही जण मुद्दाम वापरतात, तसे लेबलवर लिहिलेले असते.

दोष सापडला की दुकानात किंवा बारमध्ये सांगताना ‘खराब आहे’ म्हणू नका. ‘व्हिनेगर येतो’, ‘ओला पुठ्ठा येतो’ असे सांगा आणि बॅच क्रमांक द्या. ऐकणाऱ्याला त्यावर काही करता येते.

एकाहून जास्त बिअर असतील तर

चारपेक्षा जास्त नमुने एका बैठकीत ठेवू नका. क्रम असा: साधी स्टाऊट (गडद काळी बिअर), मग बॅरलमधली बिनधुराची, मग धुरी पण बॅरल नसलेली, आणि शेवटी दोन्ही असलेली. असे केले तर शेवटच्या ग्लासात काय कुठून आले ते आधीच्या तिघांशी ताडून बघता येते. धुरी बिअर आधी घेतली तर पुढचे सगळेच धुरकट लागते. श्लेंकर्लाच्या हेलेस लागरमध्ये धुरी माल्ट अजिबात नसतो, तरी त्याच भांड्यांतून आणि त्याच यीस्टमुळे तिला हलका धूर लागतो. भट्टीतल्या भांड्यात जे टिकते ते जिभेवर का टिकणार नाही?

मधे खोलीच्या तापमानाचे पाणी आणि उंडा या गोव्याच्या पावाचा आतला पांढरा मऊ भाग. पोई या पावाच्या कोंड्याला स्वतःची चव असते, म्हणून ती नंतर. सोलकढी नकोच. कोकमाच्या आम्लाने पुढची बिअर खोटी गोड लागते.

हिशेब आधी करा. १० टक्क्यांच्या ३३० मिली बाटलीत ३३ मिली, म्हणजे सुमारे २६ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. ते ५ टक्क्यांच्या तेवढ्याच दोन बाटल्यांइतके झाले. चौघांत वाटली तर प्रत्येकी साडेसहा ग्रॅम. म्हणून एक बाटली चौघांत हेच चाखणीचे योग्य माप. थुंकण्यासाठी एक भांडे ठेवावे, त्यात लाज कसली? परतीची टॅक्सी आधी ठरवावी, दुचाकी घरी ठेवावी.

खाणे, नोंदी झाल्यावर

चोरिस-पाव आणि धुरी बिअर ही जोडी ऐकायला फार छान वाटते. प्रत्यक्षात चोरिसातली मिरची १० टक्के अल्कोहोलने भडकते आणि त्यातल्या व्हिनेगरने बिअर गोडूस लागते. चोरिस बटाट्यासोबत शिजवून, तिखट उतरवून खाल्ले तर चरबी आणि धूर मस्त जुळतात. शाकाहारींसाठी बिनमिरचीचे वांग्याचे भरीत, आणि मीठ न लावलेले भाजके काजू.

गोडात दोदोल सर्वांत उत्तम, माडाचा गूळ आणि नारळाचे दूध ओकच्या खोबऱ्याशी जुळते. बेबिंकाही चालते, पण ती बिअरपेक्षा जास्त गोड असल्याने बिअर थोडी कडू लागते. तुकडा लहान घ्या. तळलेली मासळी मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवा, तिच्या तेलाने फेस आणि धूर दोन्ही मरतात.

नोंद कशी करावी

बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या संस्थेच्या ५० गुणांच्या तक्त्यात वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकूण मताला १० गुण असतात. स्पर्धेसाठी तो ठीक. घरी त्यापेक्षा तीन रकाने आखा: माल्टचा धूर, बॅरल, भाजका माल्ट. प्रत्येकाला ० ते ५ आकडा द्या आणि खाली एक-दोन शब्द लिहा. चौथा अरुंद रकाना दोषांचा. १० अंशांवरचे आणि १६ अंशांवरचे आकडे वेगवेगळ्या रंगात लिहिले की कुठला घटक उबेने वाढला ते एका नजरेत दिसते. सोबतच्यांनी आपापले लिहून होईपर्यंत मोठ्याने बोलू नये. एकाने ‘खोबरे’ म्हटले की सगळ्यांना खोबरेच येते.

त्याच बॅचची दुसरी बाटली असेल तर तिच्या तळाला मार्करने तारीख टाका, १२ अंशांवर उभी ठेवा आणि सहा महिन्यांनी हाच कागद समोर घेऊन उघडा. धुराचा आकडा साधारण उतरलेला दिसेल आणि मनुक्यासारखी चव वाढलेली असेल. पुठ्ठा लागला, तर तिसरी बाटली त्याच आठवड्यात संपवा.